जुन्या बोलेरोची मागची काच आणि चार फुटांचा एअर डिफ्लेक्टर

माझी महिंद्रा बोलेरो २००९ सालची आहे. तिला फोर-व्हील-ड्राइव्ह आहे, पण मागच्या काचेला वायपर नाही. दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागेकडे जाणाऱ्या रस्त्याचा शेवटचा सहा किलोमीटरचा भाग कच्चा असून, शिमगा जवळ आला की त्यावर घोट्याएवढा फुफाटा साचतो. बागेत जाऊन परत डांबरी रस्त्याला लागेपर्यंत मागची काच तपकिरी पुठ्ठ्यासारखी होत असे आणि आतल्या आरशाचा उपयोग मागे बसलेल्यांचे चेहरे पाहण्यापुरताच उरत असे. प्रत्येक फेरीला एक बाटली पाणी आणि एक फडके या कामी जाई. डिसेंबर २०२२ मध्ये छताच्या मागच्या कडेला एअर डिफ्लेक्टर, म्हणजे हवा वळवून काचेवर सोडणारी पट्टी, बसवण्याचे ठरवले, पुढच्या फेब्रुवारीत तो प्रत्यक्ष बसला, आणि त्यानंतर दोन पावसाळे व सुमारे एकवीस हजार किलोमीटर वापरल्यावर त्याच्याविषयी जे सांगता येईल ते येथे लिहीत आहे. वस्तू ज्यांनी बनवली आणि ज्यांनी बसवली, त्या दोघांच्याही कामात काही उणिवा निघाल्या. त्यामुळे दोघांची नावे देत नाही.

ही काच एवढी का माखते, हे समजल्याशिवाय वस्तूची पारख करता येत नाही. एसटीच्या गाडीच्या पाठीवरील धुळीत कोणी ना कोणी बोटाने नाव लिहिलेले असते, पण त्याच गाडीच्या पुढच्या भागावर तसे लिहिण्याजोगा थर क्वचितच सापडतो. चौकोनी गाडी पुढे सरकते तेव्हा छतावरून आणि दोन्ही बाजूंनी वाहत आलेली हवा मागच्या कडेला पोहोचते, परंतु तेथे काटकोनात वळून पाठीला चिकटून खाली उतरणे तिला जमत नाही. ती सरळ मागे निघून जाते. त्यामुळे गाडीच्या पाठीमागे कमी दाबाची एक पोकळी तयार होते आणि ती भरून काढण्यासाठी चाकांमागून उडालेली धूळ व सायलेन्सरचा धूर घेऊन हवा खालून वर, काचेच्या दिशेने, गोल फिरत राहते. म्हणजे मागच्या काचेवरची धूळ वरून पडत नाही, ती खालून ओढली जाते. बोलेरोची पाठ जवळजवळ उभी आणि सपाट आहे, छताची मागची कड धारदार आहे, गाडीची उंची १.८८ मीटरच्या आसपास आहे. धूळ ओढण्यासाठी याहून सोयीचा आकार मुद्दाम काढायला बसले तरी काढता येणार नाही.

डिफ्लेक्टरचे काम एवढेच की छतावरून आलेल्या स्वच्छ हवेचा एक पट्टा पकडायचा आणि तो वळवून काचेवरून खाली सोडायचा. काचेवर हवेचा पातळ पडदा वाहत राहिला की खालून येणारी धूळ तेवढ्या भागापासून दूर राहते. अमेरिकेत १९६०–७० च्या दशकांत लांब स्टेशन वॅगन गाड्यांच्या छतावर अशा पट्ट्या सर्रास दिसत. आपल्याकडे मात्र गाडीच्या मागे वर जे काही लावले जाते त्या सगळ्याला ‘स्पॉयलर’ हाच शब्द आहे, आणि माझ्या कामातला पहिला घोटाळा त्या शब्दानेच केला. स्पॉयलर हवेला छतावरून सुटताना आणखी सरळ मागे ढकलतो. तो छताला चिकटलेला असतो, त्याच्याखाली फट नसते आणि काच स्वच्छ ठेवणे हे त्याचे काम नसते. डिफ्लेक्टर याच्या नेमके उलट करतो: तो छतापासून वर आणि मागे सुटा उभा असतो, आतून खाली वळलेला असतो, आणि छत व पट्टी यांच्यामधली फट हाच त्याचा प्राण असतो. फट बुजवली की तो निव्वळ शोभेचा उरतो.

या गाडीसाठी तयार डिफ्लेक्टर मला दुकानांत मिळाला नाही. ॲक्सेसरीजच्या दुकानांत जे दाखवले गेले ते सर्व छताला टेपने चिकटवायचे स्पॉयलर होते, आणि त्यांतले निम्मे बोलेरोसाठी बनवलेलेही नव्हते. शेवटी नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फायबरचे काम करणाऱ्या एका लहान कारखान्याकडे गेलो. तेथील मिस्त्रींना वहीत चित्र काढून दाखवले, त्यांनी मान डोलावली, आणि दहा दिवसांनी जी वस्तू हाती दिली ती मागे टोक उचललेला, खालून बंद असलेला, तकतकीत काळा स्पॉयलर होती. “साहेब, स्पॉयलर म्हटलं की मागून उचललेलाच असतो, असा खाली वाकलेला कोणी लावत नाही,” असे त्यांचे म्हणणे. मी वहीतले चित्र पुन्हा दाखवले आणि कारखान्याबाहेर उभ्या असलेल्या टेम्पोच्या धुळकट पाठीकडे बोट करून सगळे पहिल्यापासून समजावले. त्यांनी दुसरा नग बनवण्याचे कबूल केले, पण साच्याचे पैसे पुन्हा घेतले. त्यांच्या बाजूने सांगायचे तर दुसऱ्या वेळी त्यांनी माझे म्हणणे लक्षपूर्वक ऐकले, काचतंतूचे थर वाढवले आणि कडा हाताने घासून गोल करून दिल्या. फायबरच्या कामाची सफाई उत्तम होती; दोन उन्हाळ्यांनंतरही वरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा तकतकीत रंगीत थर, फिकट झाला असला तरी त्याला भेगा गेलेल्या नाहीत.

दुसऱ्या नगाची मापे अशी आहेत. रुंदी चार फूट, म्हणजे १,२२० मिलिमीटर. पुढून मागे लांबी २०० मिलिमीटर. आणि आडव्या छेदात पाहिले तर पन्हाळीचा नळा अर्धा कापून उताणा न ठेवता पालथा ठेवावा तशी खाली वळलेली कमान. छत आणि पट्टीची पुढची कड यांच्यामध्ये ७० मिलिमीटर, तर मागे, जेथून हवा काचेवर सुटते तेथे, ४५ मिलिमीटर अंतर ठेवले. हे अंतर मी सुरुवातीला ३० मिलिमीटर ठरवले होते आणि ते चुकीचे होते. गाडीच्या पुढच्या काचेपासून मागच्या कडेपर्यंत छताला घासत येणारी हवा हळूहळू मंदावत जाते, आणि ताशी ७० किलोमीटरच्या सुमारास तीन मीटरच्या छताच्या शेवटी या मंद हवेचा थर हिशेबाने पाच सेंटिमीटरांच्या आसपास जाडीचा होतो. पट्टी त्या थराच्या आतच बुडालेली असेल तर तिला पकडायला जोरदार हवा मिळतच नाही. पट्टीला छतावर धरणाऱ्या पायांखाली तात्पुरते लाकडी ठोकळे घालून फट वाढवली आणि फरक त्याच दिवशी काचेवर दिसला. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी पट्टीच्या रंगरूपापेक्षा या एका मापाकडे अधिक लक्ष द्यावे.

बसवण्याचे काम मी दुसरीकडे, एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये दिले. बोलेरोचा मागचा दरवाजा वर उचलला जात नाही, तो बाजूला उघडतो आणि त्याच्यावर स्टेपनीचे वजन असते. म्हणून पट्टी दरवाजावर बसवण्याचा प्रश्न नव्हता. ती छतालाच धरायला हवी होती आणि दरवाजा फिरताना त्याची वरची कड पट्टीच्या पायांना लागता कामा नये, एवढे पाहायचे होते. चार पाय ठरवले. बाहेरचे दोन पाय छताच्या कडेच्या पन्हळीत, कॅरियर ज्या पद्धतीने आवळतात तसे, क्लॅम्पने बसवले. आतले दोन पाय छताच्या मागच्या कडेला, जेथे पत्रा दुहेरी आहे तेथे, छिद्रे पाडून रिव्हेट-नट (पत्र्यातच पक्के बसणारे आट्यांचे नट) घालून सहा मिलिमीटरच्या स्टेनलेस बोल्टांनी आवळले. गॅरेजच्या मिस्त्रींचा आग्रह चारही पाय पत्र्याला भोके पाडून बसवण्याचा होता, कारण ते लवकर होते. चौदा वर्षांच्या गाडीच्या छताला विनाकारण भोके पाडणे मला पटले नाही, आणि पन्हळीच्या जवळचा रंग खरवडल्यावर जो गंज निघाला तो पाहता माझा हट्ट योग्यच होता.

गंजाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण जुन्या गाडीवर काहीही बसवताना खरा खर्च आणि खरी डोकेदुखी येथेच असते. नव्या गाडीच्या पत्र्याला भोक पाडले तर कारखान्यातला संरक्षक थर तेवढ्यापुरता जातो. जुन्या गाडीत तो आधीच अर्धा गेलेला असतो आणि पन्हळीतले सीलंट वाळून तडकलेले असते, त्यामुळे पाणी आपली वाट शोधून ठेवते. आम्ही पन्हळीचा मागचा फूटभर भाग दोन्ही बाजूंनी पत्रा चकाकेपर्यंत घासला, त्यावर जस्तयुक्त प्रायमरचे दोन हात मारले, सांध्यात पॉलियुरेथेन सीलंट भरले आणि मगच रंग दिला. भोके पाडल्यावर त्यांच्या कडांनाही प्रायमर लावणे आवश्यक असते. गॅरेजमधील मुलाने ते न करताच रिव्हेट-नट ठोकायला घेतले होते, ते थांबवावे लागले. पाय ॲल्युमिनियमचे आणि पत्रा लोखंडी असल्याने दोन्ही एकमेकांना थेट टेकू द्यायचे नाहीत, कारण ओल धरली की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यात गंज झपाट्याने वाढतो. म्हणून प्रत्येक पायाखाली तीन मिलिमीटरचे रबर घातले. या सर्व प्रकाराला गॅरेजने एक दिवस सांगितला होता, लागले तीन. त्यांतला एक दिवस छताच्या आतले कापड उतरवून पुन्हा ताणून बसवण्यात गेला आणि ते काम त्यांनी फारसे चांगले केले नाही. मागच्या उजव्या कोपऱ्यात कापडाला आजही सुरकुती आहे.

पायांची मजबुती किती लागते, याचा ढोबळ हिशेब करता येतो. पट्टीचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटरच्या जवळ आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाला तिच्यावर येणारा हवेचा जोर आठ-नऊ किलो वजनाइतका भरतो आणि ताशी १०० किलोमीटरला तो तेरा-चौदा किलोंवर जातो, कारण जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चार पायांना हे मुळीच जड नाही. जड आहे ते हादरे सोसणे. बोलेरोच्या मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आहेत, गाडी रिकामी असली की त्या पाट्यांना दडपण नसते, आणि खडबडीत रस्त्यावर मागचा भाग जसा आपटतो त्याचा अनुभव मागच्या आडव्या सीटवर बसलेल्या प्रत्येकाने घेतलेला असेल. माझी पट्टी वाऱ्याने नव्हे तर या आपटण्याने तडकली. बसवल्यानंतर पाचव्या महिन्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडी आणि साम्रदकडे गेलो असताना, डाव्या आतल्या पायाजवळ बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत बोटभर लांबीची चीर गेली. उघडून पाहिले तर गॅरेजने फायबरखाली साधे छोटे वायसर वापरले होते, त्यामुळे सगळा ताण भोकाच्या कडेवर येत होता. फायबरच्या कारखान्याने चीर आतून दोन थर देऊन विनामूल्य भरून दिली, हे नमूद करायला हवे. बोल्टांखाली तीस मिलिमीटर व्यासाचे रुंद वायसर आणि रबरी बुश मी स्वतः घातले. त्यानंतर चीर वाढलेली नाही. गॅरेजने मात्र चूक आपली असल्याचे शेवटपर्यंत मान्य केले नाही. त्यांच्या मते दोष रस्त्याचा होता.

पट्टी काम करते की नाही हे केवळ नजरेने ठरवू नये, असे वाटल्याने मी एक साधी चाचणी केली. घरातल्या लाल लोकरीचे बोटभर लांबीचे चाळीस तुकडे करून ते मागच्या काचेवर बाहेरून ओळीने, वरचे टोक टेपने चिकटवून, लावले आणि मागच्या सीटवर बसून मोबाइलने चित्रण केले. गाडी पुतण्या चालवत होता. पट्टी काढून ठेवलेली असताना ताशी ५० किलोमीटरला सगळे धागे वेड्यासारखे फिरत होते आणि मधल्या भागातले कित्येक तर वरच्या दिशेने उभे राहात होते, म्हणजे हवा खालून वर येत होती. पट्टी बसवल्यावर त्याच वेगाला वरच्या दोन-तृतीयांश काचेवरचे धागे विंचरल्यासारखे सरळ खाली चिकटून राहिले. खालच्या भागात, स्टेपनीच्या वरच्या कडेजवळ, गोंधळ कायम होता, आणि दोन्ही बाजूंच्या चार-पाच बोटे रुंदीच्या पट्ट्यांतही. नेमक्या त्याच भागांत आज धूळ साचते. चाळीस पैशांच्या लोकरीने जेवढे सांगितले तेवढे चारही दुकानदारांनी मिळून सांगितले नव्हते.

वेगानुसार फरक स्पष्ट आहे. ताशी ३० किलोमीटरच्या खाली पट्टीचा जवळजवळ काहीही उपयोग होत नाही. बागेच्या रस्त्यावर, जेथे मूळ अडचण होती, तेथे फुफाट्याच्या खोल भागातून मी वीसच्या वर जात नाही, त्यामुळे तेथे काच पूर्वीसारखीच माखते. हे मला आधी कळायला हवे होते. मात्र पुढे डांबरी रस्त्यावर गाडी साठच्या वेगाला आली की सैल बसलेली कोरडी धूळ चार-पाच मिनिटांत काचेच्या वरच्या भागातून उडून जाते, आणि आरशात रस्ता दिसू लागतो. चाळीस ते सत्तरच्या दरम्यान मुरमाड रस्त्यावर सलग जाताना पट्टीचे काम सर्वांत चांगले दिसते. पेठहून सुरगाण्याकडे काम चालू असलेल्या रस्त्यावरून एप्रिलमध्ये गेलो तेव्हा सबंध प्रवासात एकदाही काच पुसायला उतरलो नाही. नंबर प्लेट, मागचे दिवे आणि स्टेपनीचे कव्हर मात्र पूर्वीपेक्षा अधिक मळतात. वरून आलेली हवा धुळीला नाहीशी करत नाही, ती तिला खाली आणि बाजूंना ढकलते. नंबर प्लेटच्या वर मी बाजारातून आणून बसवलेला रिव्हर्स कॅमेरा आहे, त्याची काच आता दर थांब्याला पुसावी लागते. मागचे दिवे पुसण्याचा कंटाळा करू नये. धुळीने झाकलेला ब्रेक-दिवा मागच्या वाहनाला दिसत नाही आणि त्या अपघाताला डिफ्लेक्टरच्या मालकाशिवाय दुसरे कोणी जबाबदार नसेल.

धुराच्या वासाबाबत बरेच जण विचारतात. जुन्या डिझेल गाडीत मागे बसले की डोके दुखते, याचे एक कारण वर सांगितलेली पोकळी हे आहेच, पण दुसरे आणि मोठे कारण मागच्या दरवाजाचे झिजलेले रबर हे असते. मी डिफ्लेक्टर बसवण्याआधी ते रबर बदलले होते आणि वासाचा बहुतेक भाग तेव्हाच गेला. पट्टीने तो आणखी किंचितच कमी केला. त्यातही मागच्या बाजूच्या काचा उघड्या ठेवल्या आणि पुढच्या बंद केल्या की वास पुन्हा येतो, कारण गाडीतली हवा मागच्या फटींतून बाहेर ओढली जाते आणि तिच्या जागी मिळेल तेथून हवा आत शिरते. ज्यांची तक्रार केवळ वासाची आहे त्यांनी आधी रबर बदलावे आणि सायलेन्सरचे सांधे तपासून घ्यावेत. धूर ही केवळ गैरसोय नाही, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो.

पावसाळ्यात अनुभव संमिश्र आला. इगतपुरीच्या सरळ कोसळणाऱ्या पावसात छतावरचे पाणी फटीतून काचेवर चादरीसारखे उतरते आणि काच सतत धुतली जाते. वायपर नसलेल्या गाडीला हे वरदान वाटले. पण रिमझिम पाऊस, खाली लाल चिखल आणि वेग चाळीसच्या आत, अशा वेळी काच ओली राहते आणि ओल्या काचेवर बसलेला चिखल कोणत्याही वेगाला उडत नाही. त्या दिवसांत पट्टी असली काय आणि नसली काय, बाटली व फडके बरोबर ठेवावेच लागते. थंडीतल्या पहाटे दव पडलेले असताना धुळीच्या रस्त्याला लागलो तरी हेच होते.

आवाजाची तक्रार पहिल्या आठवड्यातच आली. ताशी ६५ ते ७५ किलोमीटरच्या दरम्यान मागून बासरीसारखी बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली, ती वेग त्याखाली किंवा त्यावर गेला की थांबत असे. कारण शोधायला वेळ लागला. पट्टीच्या कडा निर्दोष होत्या. शिट्टी वाजत होती ती पायांच्या पोकळ चौकोनी नळ्यांची उघडी तोंडे. त्यांत रबरी बुचे ठोकली आणि पुढच्या कडेला दरवाजाच्या पत्र्याला लावतात तसले पातळ बीडिंग चढवले, तेव्हा शिट्टी गेली. आता वरच्या वेगाला हलकी घरघर जाणवते, पण बोलेरोच्या २,५२३ सीसीच्या डिझेल इंजिनाच्या आवाजात ती शोधून ऐकावी लागते.

डिझेलचा खर्च कमी होईल, असे कारखान्यातल्या मिस्त्रींनी मोठ्या विश्वासाने सांगितले होते. तसे होण्याचे काही कारण नव्हते आणि झालेही नाही. हवेला वळवायला जोर लागतो आणि तो इंजिनालाच द्यावा लागतो. सिन्नरजवळून समृद्धी महामार्गावर चढून शिर्डीपर्यंत आणि परत, ताशी ८० किलोमीटरचा वेग कायम ठेवून, टाकी काठोकाठ भरण्याच्या पद्धतीने मी पट्टीसह आणि पट्टीविना दोन-दोन फेऱ्या केल्या. पट्टीविना लिटरला ११.४ आणि पट्टीसह ११.२ किलोमीटर मिळाले. वाऱ्याची दिशा बदलली तरी एवढा फरक पडतो, म्हणून यावरून कोणताही निष्कर्ष मी काढणार नाही, परंतु बचतीच्या आशेने कोणी पैसे घालू नयेत.

कॅरियरबाबत एक महत्त्वाची गोष्ट कोणत्याही दुकानदाराने सांगितली नव्हती. छतावर कॅरियर असेल तर डिफ्लेक्टर बसवण्यात अर्थ नाही. कॅरियरच्या आडव्या पट्ट्या आणि त्यावरचे सामान छतावरची हवा इतकी घुसळून टाकतात की पट्टीपर्यंत सरळ प्रवाह पोहोचतच नाही. दिवाळीत तीन मोठ्या बॅगा आणि ताडपत्री वर बांधून कोकणात गेलो होतो, तेव्हा काच पूर्वीइतकीच माखली. रिकामे कॅरियरही परिणाम बराच घटवते. माझे कॅरियर आता वर्षातले दहा महिने गोठ्याच्या भिंतीला टेकवलेले असते.

कायद्याची बाजूही विचारात घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निकालात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. काढता येणारी चार फुटांची पट्टी त्यात कितपत बसते याचा निर्णय शेवटी तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती असतो. मी एवढी काळजी घेतली की पट्टी छताच्या रुंदीच्या बाहेर जात नाही, मागे स्टेपनीच्या पुढे येत नाही आणि नंबर प्लेट किंवा एकही दिवा झाकत नाही. २०२४ मध्ये गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होऊन नोंदणीचे नूतनीकरण करण्याची वेळ आली, तेव्हा वाद नको म्हणून पट्टी उतरवून ठेवूनच गाडी तपासणीला नेली. उतरवायला पाऊण तास लागला, कारण पन्हळीतला एक क्लॅम्प धुळीने जाम झाला होता. तेव्हापासून क्लॅम्पच्या आट्यांना मी वर्षातून दोनदा ग्रीस लावतो.

खर्चाचा तपशील असा: फायबरचा नग आणि त्याचा साचा ४,६०० रुपये, वाया गेलेल्या पहिल्या साच्याचे १,५०० रुपये, पाय, क्लॅम्प व बोल्ट १,१०० रुपये, गॅरेजची मजुरी ३,००० रुपये आणि पन्हळीच्या गंजाचे व रंगाचे काम २,८०० रुपये. एकूण तेरा हजार. यांतले पहिल्या साच्याचे पैसे माझ्या अपुऱ्या समजावणीमुळे गेले असे मी धरतो, आणि गंजाचे काम आज ना उद्या करावेच लागले असते. उरलेल्या आठ हजार सातशे रुपयांत मिळालेल्या वस्तूविषयी मी समाधानी आहे. तरीही, मागचा वायपर असलेल्या गाडीच्या मालकाला मी हा खर्च सुचवणार नाही. त्याने वायपरचे रबर बदलावे आणि पाण्याची पिचकारी चालू स्थितीत ठेवावी. वायपर नसलेली, सपाट पाठीची, कॅरियर न लावलेली आणि मुरमाच्या रस्त्यावर चाळीस-साठच्या वेगाने रोज धावणारी गाडी असेल तर मात्र अवश्य करून घ्यावे. बनवणाऱ्याला तोंडी सांगू नये. जाड पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा नमुना कापून, गाडीच्या छतावर ठेवून, फट मोजून दाखवावी.

फायबरच्या कारखान्यात आता काचेच्या दोन्ही बाजूंसाठी, म्हणजे छताच्या खांबांना लागून उभ्या बसतील अशा, दोन अरुंद पट्ट्या बनवायला टाकल्या आहेत, कारण बाजूंच्या त्या चार-पाच बोटांच्या पट्ट्यांवरची धूळ अजून जात नाही. त्या बसवण्याचे काम मी स्वतः करणार आहे. लोकरीचा उरलेला गुंडा सीटखालीच ठेवला आहे.